एडिथ काउअन १९२४ साली का हरल्या? (पश्चिम ऑस्ट्रेलियाची विधानसभा, दोन महायुद्धांमधला काळ)

दूरदेशी
नमस्कार. गेली काही वर्षे मी पर्थमध्ये राहतो. मागच्या महिन्यात आई साताऱ्याहून आली, तेव्हा तिला किंग्ज पार्क दाखवायला नेले. बागेच्या तोंडाशीच, रस्त्याच्या चक्राच्या मधोमध, घड्याळाचा एक मनोरा आहे. आईने चाळीस वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले असल्यामुळे समोर दिसेल ते वाचल्याशिवाय ती पुढे जात नाही. मनोऱ्यावरचे नाव वाचून तिने विचारले, "ही कोण बाई?" मी खिशातून पन्नास डॉलरची नोट काढली आणि म्हणालो, "ही." माझे ज्ञान तेवढ्यावरच संपले.

घरी येऊन वाचन केले ते असे. एडिथ काउअन १२ मार्च १९२१ रोजी वेस्ट पर्थमधून पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विधानसभेवर निवडून आल्या. ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही संसदेत निवडून आलेली ही पहिली स्त्री. त्यांनी हरवलेले गृहस्थ म्हणजे त्या वेळचे अ‍ॅटर्नी जनरल (सरकारमधले कायदामंत्री) थॉमस ड्रेपर, आणि स्त्रियांना निवडणुकीला उभे राहता यावे म्हणून १९२० साली कायदा आणणारेही हेच ड्रेपर. मात्र १९२४ मध्ये बाई हरल्या, १९२७ मध्ये पुन्हा हरल्या, आणि १९३२ मध्ये वारल्या. दोनच वर्षांनी, १९३४ मध्ये, हा मनोरा उभा राहिला.

माझे प्रश्न दोन आहेत. तीन वर्षे आमदार राहिलेल्या व्यक्तीला मनोरा, नोट आणि नावाचे विद्यापीठ मिळावे, एवढे त्या तीन वर्षांत काय घडले? आणि एवढे घडले असेल, तर मतदारांनी त्यांना घरी का बसवले?

कंदील
ड्रेपर साहेबांबद्दल वाचून वाईट वाटले. दार उघडून देणाऱ्यालाच बाहेर काढायचे, हा प्रकार फक्त आपल्याकडेच चालतो अशी माझी समजूत होती.

इतिहासाचा मास्तर
कंदील, ड्रेपर यांच्यासाठी फार हळहळू नका. त्याच वर्षी त्यांची राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली. पराभूत मंत्र्यांची सोय लावण्याची कलाही आपली एकट्याची नाही.

दूरदेशी यांचा दुसरा प्रश्न अधिक रोचक आहे. त्याचे उत्तर सावकाश लिहितो. तूर्त एकच योगायोग सांगतो. काउअन १९२४ मध्ये ज्यांच्याकडून हरल्या, ते थॉमस डेव्ही पुढे १९३० मध्ये स्वतः अ‍ॅटर्नी जनरल झाले. म्हणजे बाईंनी एका अ‍ॅटर्नी जनरलला पाडले आणि होऊ घातलेल्या दुसऱ्याने त्यांना पाडले. वेस्ट पर्थ हा वकिलांचा आणि खात्यापित्या घरांचा मतदारसंघ होता, हे ध्यानात ठेवले तर यात नवल वाटू नये.

मीमांसा
पहिल्या प्रश्नाचे उत्तर एक वकील म्हणून देते, कारण त्या तीन वर्षांतले जे काम टिकले ते कायद्याच्या पुस्तकात आहे.

१९०४ साली पर्थमध्ये एडिथ हेन्स नावाच्या मुलीने वकिलीच्या परीक्षेला बसू देण्याची मागणी केली होती. ती रीतसर एका वकिलाकडे उमेदवारी करत होती. न्यायालयाने सांगितले की कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द असला तरी स्त्रियांना या पेशात घेण्याचा हेतू त्यातून निघत नाही. प्रकरण तिथेच संपले. १९२३ मध्ये काउअन यांनी स्त्रियांच्या कायदेशीर दर्जाचे विधेयक खासगी सदस्य म्हणून मांडून मंजूर करून घेतले आणि वकिलीसह सर्व पेशे स्त्रियांना खुले झाले. ज्यांनी कधी विधिमंडळाचे कामकाज जवळून पाहिले असेल, त्यांना सरकारच्या पाठबळाशिवाय एका सदस्याने विधेयक दोन्ही सभागृहांतून पार करून घेणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

त्याच्या आदल्या वर्षीची त्यांची एक दुरुस्ती लहान आहे, पण मला ती जास्त बोलकी वाटते. मृत्युपत्र न करता आणि मागे मूल न ठेवता एखादी व्यक्ती वारली, तर तिच्या मालमत्तेवर वडिलांचा हक्क आईच्या आधी लागत असे. काउअन यांनी आई आणि वडील यांना एका पातळीवर आणले. अशा कलमावर कोणी मनोरा बांधत नाही. पण ज्या आईचा मुलगा अविवाहित असताना गेला, तिला ते कलम कळते.

आपल्याकडचा दुवाही सांगते, कारण वर्ष तेच आहे. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा १९२३ सालचाच. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांना ऑक्सफर्डला कायदा शिकूनही त्याआधी तीस वर्षे जो अडथळा भोगावा लागला, तो 'व्यक्ती म्हणजे कोण' या एकाच शब्दाचा होता.

फाटक
धाग्याचा सूर आरतीकडे झुकण्याआधी थोडे विरोधात लिहितो.

त्या काळात तिथल्या राज्यांच्या संसदेत बसलेल्या स्त्रिया पाहिल्या तर निम्म्या वारसाहक्काने आलेल्या दिसतात. व्हिक्टोरियामध्ये १९३३ साली पहिली स्त्री आली ती लेडी मिली पीकॉक, माजी प्रीमियर (राज्याचे मुख्यमंत्री) सर अलेक्झांडर पीकॉक यांच्या पत्नी. पती गेले, पोटनिवडणूक लागली, बाई निवडून आल्या, सभागृहात एकच भाषण केले आणि १९३५ मध्ये निवृत्त झाल्या. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या स्त्री सदस्य मे होल्मन १९२५ मध्ये आल्या त्या वडिलांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर, आणि त्या गेल्यावर ती जागा त्यांच्या भावाकडे गेली. ही चाल आपल्या ओळखीची आहे. फक्त पोस्टरवर 'सहानुभूतीची लाट' असे इंग्रजीत लिहिले असेल.

काउअन यांना तो रस्ता घ्यावा लागला नाही, हे मान्य. तरी त्यांचे पती दंडाधिकारी होते आणि शहरातल्या वजनदार मंडळींत त्यांची ऊठबस होती. गिरणीतली किंवा धुणीभांडी करणारी बाई निवडून आली असती तर मी टोपी काढली असती.

रूळबदल
फाटक साहेब, मे होल्मन यांना लेडी पीकॉक यांच्या ओळीत बसवू नका. मी रेल्वेत स्थापत्य विभागात नोकरी केली. जॅरा नावाचे लाकूड आम्हा लोकांना चांगले माहीत असते. गडद तांबडे, दगडासारखे जड, वाळवीला दाद न देणारे. त्याचे स्लीपर पश्चिम ऑस्ट्रेलियातून जहाजाने येऊन हिंदुस्थानातल्या रुळांखाली पडत. आमचा एक जुना मुकादम लाकडावर हातोडी मारून नुसत्या आवाजावरून 'हा जॅरा, हा साग' असे सांगायचा.

ते लाकूड जिथे तोडले आणि कापले जाई, त्या नैर्ऋत्येच्या जंगलातले कामगार हे होल्मन बाईंचे मतदार. वडील लाकूड कामगार संघटनेचे सचिव होते आणि मे स्वतः त्याच संघटनेच्या कचेरीत काम करत होत्या. म्हणजे त्यांना वारसा मिळाला तो जागेचा कमी आणि कामाचा जास्त. सभागृहात आल्यावर पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, लाकूड उद्योगाच्या नियमनाचा कायदा झाला, आणि त्यासाठी त्यांनी जिवाचे रान केले होते. करवतीच्या गिरण्यांत बोटे जाणे, तोडलेले झाड अंगावर येणे हे रोजचेच होते. त्यावर देखरेखीसाठी निरीक्षक आले. १९३० मध्ये त्या राष्ट्रसंघाच्या सभेसाठी जिनिव्हाला ऑस्ट्रेलियाच्या शिष्टमंडळातून गेल्या. पुढे लागोपाठ निवडून येत राहिल्या.

त्यांचा शेवट वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. मार्च १९३९ मध्ये मतदानाच्या तोंडावर त्यांच्या मोटारीला अपघात झाला आणि २० तारखेला त्या गेल्या. निवडून आलेला सदस्य रुग्णालयातच संपला.

फाटक
रूळबदल, होल्मन बाईंबद्दलचे शब्द मागे घेतो. लेडी पीकॉक यांच्याबद्दलचे घेत नाही.

कंदील
फाटकांनी शब्द मागे घेतले! प्रशासकांनी या प्रतिसादाचा मनोरा बांधावा.

नीलमोहोर
क्वीन्सलंडमधले एक चित्र इथे मांडण्याजोगे आहे. आयरीन लाँगमन १९२९ मध्ये तिथल्या विधानसभेत निवडून आलेल्या पहिल्या स्त्री. संसदेच्या इमारतीत स्त्री सदस्यासाठी स्वच्छतागृह नव्हते आणि सदस्यांच्या भोजनगृहात त्यांना बसू दिले जात नसे, म्हणून त्या व्हरांड्यात जेवत. ब्रिस्बेनच्या उकाड्यात, आत एवढी मोठी मेजे मांडलेली असताना, बाहेर ताट घेऊन बसलेली लोकप्रतिनिधी डोळ्यांसमोर आणा. १९३२ मध्ये त्या हरल्या आणि त्यानंतर त्या सभागृहात दुसरी स्त्री यायला १९६६ साल उजाडले.

म्हणून 'तीनच वर्षे' हे मोजमाप मला पटत नाही. ज्या इमारतीत तुमच्यासाठी ताटाचीही सोय नाही, तिथली तीन वर्षे नेहमीच्या तीन वर्षांसारखी कशी मोजणार?

मीमांसा
नीलमोहोर, सहमत. न्यू साउथ वेल्सच्या मिलिसेंट प्रेस्टन-स्टॅन्ली यांचेही तेच, १९२५ ते १९२७. सिडनी विद्यापीठात जनावरांच्या प्रसूतिशास्त्राची सोय आहे आणि बायकांच्या प्रसूतिशास्त्राचे अध्यासन नाही, म्हणून निदान घोड्यांइतके हक्क स्त्रियांना द्या, अशी त्यांची मागणी होती. यावर हसावे की नाही हे सभागृहाला ठरवता आले नसावे.

फाटक
आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाचे काय? तिथे १८९४ पासून स्त्रियांना मतदानाचा आणि उभे राहण्याचा, दोन्ही हक्क होते, तरी पहिली स्त्री निवडून आली १९५९ मध्ये. कायदा लिहिला म्हणजे लोक मत देतात असे नाही.

अनाहूत
थोडे विषयांतर. सदस्यांचा विषय निघालाच आहे तर क्वीन्सलंडच्या वरिष्ठ सभागृहाचा उल्लेख हवा. प्रीमियर थिओडोर यांच्या मजूर सरकारला ते सभागृह नको होते. १९१७ मधल्या सार्वमतात लोकांनी ते बरखास्त करायला नकार दिला. मग १९२० मध्ये चौदा नवे सदस्य नेमले गेले, आणि त्यांना 'आत्मघाती पथक' असेच नाव पडले, कारण त्यांनी आत जाऊन आपलेच सभागृह बंद करायचे होते. ऑक्टोबर १९२१ मध्ये त्यांनी तसे मत दिले आणि मार्च १९२२ मध्ये सभागृह गेले. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीवर असे चौदा जण कुठे मिळतील?

इतिहासाचा मास्तर
अनाहूत, त्याचा उत्तरार्ध न्यू साउथ वेल्समध्ये आहे. तिथले मजूर पक्षाचे प्रीमियर जॅक लँग यांनी हीच युक्ती केली. १९२५ च्या अखेरीस राज्यपालांकडून पंचवीस सदस्य नेमून घेतले. १९२६ मध्ये प्रत्यक्ष मतदानाच्या वेळी त्यांतल्या काहींना ती जागा आवडू लागली होती. ठराव पडला. आत्मघातासाठी माणसे निवडताना त्यांना आधी गादीवर बसवू नये.

आता पर्थकडे परत येऊ. मजूर पक्षाचे फिलिप कॉलियर आणि राष्ट्रवादी पक्षाचे सर जेम्स मिचेल हे आलटून पालटून प्रीमियर होत राहिले. शेती आणि दुग्धव्यवसायाच्या वेडापायी मिचेल यांना लोक 'मू-काऊ मिचेल' म्हणत. दोघे राजकारणात समोरासमोर आणि खासगीत मित्र. ८ एप्रिल १९३३ रोजी राज्यात दोन मतदाने एकदम झाली. एक विधानसभेचे, दुसरे, राज्याने ऑस्ट्रेलियाच्या संघातून फुटून निघावे की नाही याचे. गव्हाचे भाव कोसळले होते आणि पूर्वेकडच्या कारखान्यांना जपण्यासाठी लावलेल्या जकातीमुळे शेतकऱ्याला नांगर महाग पडत होता. फुटण्याच्या बाजूने १,३८,६५३ मते पडली, विरोधात ७०,७०६. आणि त्याच मतदारांनी, त्याच दिवशी, हे सार्वमत घेणाऱ्या मिचेल यांचे सरकार घालवून फुटण्यात काडीचा रस नसलेल्या कॉलियर यांना बहुमत दिले. मिचेल तर नॉर्थममधली स्वतःची जागाही गमावून बसले. त्यांना हरवणारे तरुण बर्ट हॉक पुढे प्रीमियर झाले; पंतप्रधान बॉब हॉक यांचे ते काका.

कॉलियर यांनी लोकमताचा मान राखून लंडनला अर्ज पाठवला; १९३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने तो स्वीकारताच येत नाही असे ठरवले. आणि हरलेल्या मिचेल यांना कॉलियर सरकारच्याच काळात, १९३३ मध्येच, उपराज्यपाल म्हणून नेमण्यात आले. विरोधकाला हरवून त्याला राजभवनात बसवणारी ही मैत्री मला या सगळ्या इतिहासात सर्वांत लोभस वाटते.

दूरदेशी
मास्तर, फार सुंदर, पण माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अजून येणे आहे.

देशांतर
त्याआधी एक नोंद, कारण ती राहून जाईल. 'लोकांनी मत दिले' असे आपण लिहितो आहोत, तेव्हा ते लोक कोण? पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०७ च्या निवडणूक कायद्याने तिथले आदिवासी आणि आशिया व आफ्रिकेतले मूळ रहिवासी मतदार यादीतून वगळले होते. म्हणजे १९२१ मध्ये एडिथ काउअन निवडून आल्या, तेव्हा पर्थमध्ये उंट हाकणारा किंवा फेरी करून कापड विकणारा हिंदी माणूस, ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन असूनही, त्यांना मत देऊ शकत नव्हता.

१९२२ मध्ये श्रीनिवास शास्त्री हिंदी लोकांच्या हक्कांसाठी ऑस्ट्रेलियाचा दौरा करून आले. गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते त्या वेळी अध्यक्ष होते, म्हणजे हा दुवा थेट पुण्याला जोडतो. १९२५ मध्ये संघीय निवडणुकांत हिंदी लोकांना मत मिळाले; पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या राज्य निवडणुकांत मात्र १९३४ पर्यंत थांबावे लागले. तिथल्या मूळ रहिवाशांना सरसकट मताचा हक्क १९६२ मध्ये मिळाला. पन्नास डॉलरच्या त्याच नोटेच्या दुसऱ्या बाजूला डेव्हिड युनायपन हे आदिवासी लेखक आणि संशोधक आहेत. दोन चेहरे एका कागदावर आले. १९२१ च्या पर्थमध्ये एका मतदार यादीवर आले नसते.

नीलमोहोर
देशांतर, ही नोंद आधीच यायला हवी होती.

इतिहासाचा मास्तर
आता दूरदेशी यांचे देणे फेडतो. माझ्या मते पराभवाची कारणे तीन, आणि तिन्ही त्यांच्या गुणांतूनच आलेली.

पहिले असे की त्या राष्ट्रवादी पक्षाच्या तिकिटावर आल्या होत्या, पण आपले मत पक्षाच्या खुंटीला बांधून ठेवत नसत. विरोधकांचा मुद्दा पटला तर तसे बोलत. पक्षाला अशा सदस्याचे कौतुक नसते, आणि समोरच्या बाकांवरच्या मजूर पक्षाला त्या आपल्या वाटण्याचे कारण नव्हते. पुढच्या निवडणुकीत घरोघर फिरायला माणसे लागतात, ती दोन्हीकडून आटली.

दुसरे, स्त्रियांच्या संघटना एकमुखी नव्हत्या. १९१५ च्या सुमारास गुप्तरोगांची सक्तीने नोंद करण्याच्या कायद्यावरून काउअन आणि स्त्री-चळवळीतल्या दुसऱ्या नेत्या बेसी रिशबीथ यांच्यात मोठी फूट पडली. काउअन सक्तीच्या बाजूने होत्या. ज्या संघटनेच्या स्थापनेत १९०९ मध्ये त्यांचा हात होता, तीच पुढे त्यांच्यापासून दूर गेली. बायका बायकांना मत देतील, हा हिशेब तेव्हाही कच्चाच होता.

तिसरे, त्यांचे विषय. पहिल्या भाषणात त्यांनी बाबागाडी रेल्वेने न्यायला पडणाऱ्या भाड्याची तक्रार केली. पुढे शाळांतल्या लैंगिक शिक्षणाबद्दल आणि नवऱ्याच्या उत्पन्नातल्या गृहिणीच्या हक्काबद्दल बोलल्या. वेस्ट पर्थच्या मतदाराला यांतला पहिला विषय क्षुल्लक वाटला असेल आणि बाकीचे दोन अंगावर आले असतील.

मतदान तेव्हा सक्तीचे नव्हते, ते १९३६ मध्ये झाले. शिवाय १९२४ मध्ये राज्यभर वारेच मजूर पक्षाकडे फिरले होते.

मीमांसा
मास्तर, चौथी गोष्ट जोडते. ती पराभवाचे कारण नाही, स्वभावाचे आहे. काउअन सात वर्षांच्या असताना त्यांची आई बाळंतपणात गेली. वडिलांनी दुसरे लग्न केले, आणि १८७६ मध्ये त्या दुसऱ्या पत्नीच्या खुनाबद्दल त्यांना फाशी झाली. मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. त्या काळच्या लहानशा वसाहतीत हे नाव घेऊन वावरणे काय असेल? पुढे पती न्यायालयात असल्यामुळे संसार मोडण्याची प्रकरणे त्यांच्या कानांवर रोज येत. बालन्यायालय, १९१६ मधले स्त्रियांचे रुग्णालय, आईचा वारसाहक्क, या सगळ्यांच्या मुळाशी मला ती चौदा वर्षांची मुलगी दिसते. फाटक, वजनदार मंडळींतल्या ऊठबशीत हा भाग मोजलात का?

फाटक
नव्हता मोजला. माहीतच नव्हता. तरी मनोऱ्याला त्या काळातही विरोध झाला होता, एवढे बोलून थांबतो.

रूळबदल
झाला होता, आणि तरी बांधला. रस्त्याच्या मधोमध, म्हणजे विरोध करणाऱ्यांनाही वळसा घालूनच जावे लागते.

दूरदेशी
सर्वांचे आभार. हा सगळा धागा आईला वाचून दाखवला. होल्मन बाईंच्या अपघाताशी तिने मला थांबवले आणि पाणी पिऊन आली. एडिथबाईंच्या पहिल्या भाषणातले एक वाक्य तिला सर्वांत आवडले: इथे एकटीच स्त्री असणे ही मोठी जबाबदारी आहे, आणि इतर स्त्रिया इथे येण्याची किती गरज आहे यावर मला भर द्यायचा आहे.

हेच वाक्य २०१८ मध्ये आलेल्या नव्या नोटेवर अतिशय बारीक अक्षरांत छापले आहे. छापताना 'रिस्पॉन्सिबिलिटी' या शब्दातला 'एल' आणि 'टी' यांच्या मधला 'आय' गळला. सुमारे ४ कोटी ६० लाख नोटा चलनात आल्यावर, २०१९ मध्ये, हे लोकांच्या लक्षात आले. मी हे आईला सहज सांगितले आणि चूक केली. काल रात्री तिने घरातल्या पन्नासच्या सगळ्या नोटा मागून घेतल्या, मोबाईलचा कॅमेरा मोठा करून एकेक तपासली आणि तिसऱ्या नोटेवर तिला तो गळलेला 'आय' सापडला. पेन्सिलीने दुरुस्त करू का, असे विचारत होती. मोठ्या मुश्किलीने नोट परत घेतली. ती खर्च करायची नाही या अटीवर.

कंदील
काकूंना साष्टांग नमस्कार. आमच्या इथल्या प्रतिसादांवर मात्र त्यांची नजर पडू देऊ नका.

दूरदेशी
उशीर झाला. मीमांसा यांच्या पहिल्या प्रतिसादात एका जागी स्वल्पविराम हवा होता, असा निरोप आहे.